वर्तुळ, मंच आणि डफ : यवतमाळच्या तांड्यांतील लेंगीचा इतिहास

नृत्याचा इतिहास लिहिताना आपण बहुधा पावलांकडे पाहतो. जुन्या शैलीत पाऊल असे पडे, नव्या शैलीत तसे पडते, एवढ्यावर 'पारंपरिक' आणि 'आधुनिक' असे दोन कप्पे तयार होतात. या धाग्यात पावलांपेक्षा वेगळा एक प्रश्न विचारायचा आहे : नाचणाऱ्याचे तोंड कोणाकडे असते? यवतमाळ जिल्ह्यातील बंजारा तांड्यांत होळीच्या दिवसांत गायली आणि नाचली जाणारी लेंगी या प्रश्नाचे फार चांगले उदाहरण आहे. धागा लांब आहे, पण विषयही दोनशे वर्षांपेक्षा लांब आहे.

प्रथम ओळख. पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी, महागाव, उमरखेड हा यवतमाळचा पश्चिम आणि दक्षिण पट्टा बंजारा वस्तीचा. या वस्तीला गाव न म्हणता तांडा म्हणतात आणि कितीतरी तांडे आजही कोणा एका जुन्या नाईकाच्या नावाने ओळखले जातात. नाईक म्हणजे तांड्याचा प्रमुख आणि कारभारी हा त्याचा साहाय्यक. हे लोक स्वतःला गोर म्हणवतात, बाहेरच्यांना कोर म्हणतात आणि आपसांत गोरबोली बोलतात. ही राजस्थानी वळणाची भाषा. तिला स्वतःची लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत, तेलंगणात तेलुगू लिपीत आणि कर्नाटकात कन्नड लिपीत लिहिली जाते. लिखित परंपरा इतकी अलीकडची असल्यामुळे या समाजाच्या स्मृतीचा मोठा भाग गाण्यांत राहिला, आणि त्या गाण्यांत लेंगीचे स्थान विशेष.

होळीच्या कितीतरी दिवस आधीपासून रात्री जेवणे आटोपली की डफ वाजू लागतो. पुरुष गोल धरतात, स्त्रियांचा गोल निराळा. एकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी ती झेलायची. कमरेतून वाकायचे, सरळ व्हायचे, एकसाथ वळायचे, दोन पावले आत आणि दोन बाहेर. पदन्यास अवघड नाही आणि तो अवघड नसणे हेच महत्त्वाचे, कारण बारा वर्षांचा मुलगा आणि सत्तर वर्षांचा म्हातारा एकाच गोलात उभे राहू शकले पाहिजेत. गाण्यांचे विषय हवे तितके : कृष्ण आणि होळी, सेवालाल महाराज, दीर-भावजयीची थट्टा, जुन्या नायकांचे पराक्रम, यंदाचे पीक, सावकार, एखाद्या कंजूष माणसाचे नाव घेऊन काढलेले चिमटे. या वर्तुळाला प्रेक्षक असा नसतोच. जो पाहत उभा असतो तो थोड्या वेळाने आत ओढला जातो.

आता मागे जाऊ. बंजारा समाजाचा जुना व्यवसाय लदेणी, म्हणजे बैलांच्या पाठीवर गोणी लादून धान्य, मीठ आणि इतर माल दूरवर पोहोचवणे. रेल्वेपूर्व काळात दख्खनच्या पठारावर चाकांपेक्षा खुरांवर अधिक माल फिरत असे. विशेषतः सैन्ये या तांड्यांवर अवलंबून असत. हजारो माणसांची आणि घोड्यांची छावणी रोज धान्य खाते आणि ते धान्य कोणीतरी शेकडो कोसांवरून आणावे लागते. मुघल आले तेव्हा तांडे त्यांच्यामागे होते, नंतर निजामाच्या आणि मराठ्यांच्याही. १८०३ च्या दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात आर्थर वेलस्ली वऱ्हाडात उतरला. २९ नोव्हेंबरला आडगावची लढाई झाली आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. या मोहिमेतील त्याच्या पत्रव्यवहारात 'ब्रिंजारी' हा शब्द वारंवार येतो. तोफा आणि पलटणींच्या बरोबरीने त्याला चिंता होती ती या बैलवाल्यांची. ते वेळेवर आले नाहीत तर सैन्य उपाशी.

इथे एक साधे गणित मांडावेसे वाटते. पावसाळ्यात काळ्या मातीतून लादलेले बैल चालू शकत नाहीत. त्यामुळे पावसाचे महिने तांडा चराईच्या जागी मुक्काम करी आणि खरिपाचे धान्य हाती आल्यावर बाहेर पडे. लदेणीचा भर हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात. होळी येते फाल्गुनात, म्हणजे प्रवासाच्या ऐन मध्यावर. याचा अर्थ लदेणीच्या काळातील होळी बहुतेक वेळा वाटेवरच्या तळावर साजरी होत असणार. आज आपण ज्या लेंगीला 'पारंपरिक' म्हणतो ती नाईकाच्या घरापुढे सुरू होते आणि दारोदार फिरते. ती घरे, ती दारे आणि तो कायमचा पत्ता असलेला नाईक हे सर्व तांडा स्थिरावल्यानंतरचे आहे. थोडक्यात, जिला आपण मूळ समजतो ती लेंगी स्वतः एका मोठ्या बदलातून घडलेली आहे. परंपरेच्या चर्चेत हे लक्षात ठेवले की बराच आवेश ओसरतो.

तो बदल कसा झाला? १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. पुढच्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मँचेस्टरचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी भाव आला. कापसामागोमाग रस्ते आले, रस्त्यांमागोमाग रूळ. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे अकोला-बडनेरा मार्गे नागपूरला पोहोचली. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडीही आली, जिला आपण शकुंतला म्हणून ओळखतो. ज्या मालासाठी शेकडो बैलांचा तांडा लागे तो आता काही डब्यांत मावू लागला. लदेणी एका दिवसात मेली नाही. आडवळणाच्या गावांना ती बराच काळ पुरवठा करत राहिली. पण तिचा कणा मोडला. तांडे गुरांच्या व्यापाराकडे वळले, मजुरीकडे वळले, माळरान फोडून शेती करू लागले. पूस, अरुणावती, पैनगंगा यांच्या खोऱ्यांत आणि त्यांच्या वरच्या टेकड्यांवर आज दिसणाऱ्या तांड्यांमागे हा इतिहास आहे.

त्याच काळात दुसरे संकट आले. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा फिरस्त्या माणसाकडेच संशयाने पाहत होता. आज यवतमाळ म्हणून ओळखला जाणारा जिल्हा त्या काळी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. यवतमाळ हे नाव त्याला १९०५ मध्ये मिळाले. वऱ्हाडच्या पोलीस खात्यातील कंबरलेज नावाच्या अधिकाऱ्याने बंजारा समाजावर एक टिपण लिहिले आणि ते १८८२ मध्ये पुन्हा छापले गेले. पुढे रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील आपल्या १९१६ च्या ग्रंथात त्याचा भरपूर उपयोग केला. आजही कोणी बंजारा इतिहास लिहू लागला की या साखळीवर येऊन थांबतो. टिपण उपयुक्त आहे, पण लिहिणारा पोलीस होता हे विसरून चालत नाही. पोलिसाला तांड्यात जे दिसते ते त्याने लिहिले. होळीच्या रात्री गोलात उभे राहून जे ऐकू येते ते त्याच्या कामाचे नव्हते. समाजातूनच लिहिलेला मराठी इतिहास यायला बळीराम पाटलांच्या १९३६ च्या पुस्तकापर्यंत वाट पाहावी लागली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगारीचा कायदेशीर शिक्का पुसला गेला. महाराष्ट्रात बंजारा समाज आज विमुक्त जातींत मोडतो, आणि त्या 'विमुक्त' शब्दात ही सगळी कहाणी दडलेली आहे.

स्थिरावलेल्या तांड्यात लेंगीला जे रूप आले ते फार समृद्ध होते. ती नाईकाच्या दारी सुरू होई, कारण होळीची परवानगी आणि खर्चाची जबाबदारी त्याची. पण त्याच दारात त्याच्यावर टोलेही पडत. वर्षभर ज्याच्या न्यायनिवाड्यापुढे मान खाली घालायची, त्याला फाल्गुनात गाण्यातून दोन शब्द सुनावता येत, आणि त्याने ते हसून घ्यायचे असा संकेत. स्त्रिया फाग मागत. वाटेत सापडलेल्या पुरुषाला पैसे दिल्याखेरीज सुटका नसे. अनेक तांड्यांत, ज्या घरात त्या वर्षी माणूस गेला असेल तिथे मंडळी मुद्दाम जात, दारात लेंगी गात आणि त्या घराचा शोक संपला असे मानून घरच्यांना पुन्हा सणात ओढून घेत. होळी पेटे ती इतरांसारखी संध्याकाळी नव्हे, तर पहाटे. म्हणजे आदली रात्र गाण्याचीच. अशा रात्रीत एकच गाणे तासभर चालले तरी कोणाची हरकत नसे. त्या तासात नवी कडवी जन्माला येत. ओळ टाकणाऱ्याला काही सुचले नाही की तो जुनीच ओळ फिरवून घेई आणि तेवढ्या अवधीत पुढची जुळवी. म्हणजे जे संथ आवर्तन आपल्याला कंटाळवाणे वाटते ते खरे तर कवीला मिळालेली उसंत असे.

मग मंच आला. स्वातंत्र्यानंतर लोकनृत्य हा शासकीय आणि शैक्षणिक शब्द झाला. प्रजासत्ताक दिनाचे संचलन, युवक महोत्सव, शाळांची स्नेहसंमेलने, सर्वत्र राज्याराज्यांची नृत्ये मांडली जाऊ लागली. पुसदजवळच्या गहुली या तांड्यात जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांच्याच घराण्यातील सुधाकरराव नाईक १९९१ मध्ये त्या पदावर आले. ज्या समाजाकडे पोलीस संशयाने पाहत त्या समाजाचा माणूस राज्याच्या सर्वोच्च पदावर बसला. साहजिकच आपली गाणी आणि आपला वेष चारचौघांत मांडण्याचे धैर्य वाढले. पुढे लेंगीच्या स्पर्धा भरू लागल्या. तांड्यातांड्यांचे संघ, परीक्षक, बक्षिसे. लेंगीला प्रतिष्ठा मिळाली, मुलींना मंच मिळाला, ज्यांना आपल्या बोलीची लाज वाटे त्यांनी ती ध्वनिक्षेपकावर ऐकली. हे सगळे खरे आहे आणि मोलाचे आहे.

पण स्पर्धा म्हटली की वेळ ठरते. तासभराचे गाणे काही मिनिटांत बसवायचे तर कडवी आधी निवडावी लागतात आणि पाठ करावी लागतात. ऐन वेळी सुचलेल्या ओळीला तिथे जागा नाही. नाईकाला टोला मारायचा तर नाईक समोर हवा. समोर बसलेत पाहुणे, त्यांच्यावर कोण गाणार? शिवाय परीक्षकांना सर्व नर्तक दिसले पाहिजेत. वर्तुळात निम्म्यांची पाठ समोर येते. म्हणून वर्तुळ उघडते, अर्धचंद्र होते आणि शेवटी रांग होते. पावले तीच, चाल तीच, शब्दही तेच. फक्त सर्वांची तोंडे एका दिशेला. नृत्यशास्त्राच्या दृष्टीने हा बदल किरकोळ वाटेल. माझ्या मते लेंगीच्या इतिहासात बैल सुटल्यानंतरचा सर्वांत मोठा बदल हाच.

असा बदल फक्त आपल्याकडेच झाला असे नाही, म्हणून थोडे दूर, अर्जेंटिनात जाऊन येऊ. टँगो हे नृत्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्युनोस आयर्स आणि मोंटेव्हिडिओ या बंदरांतील गरीब वस्त्यांत घडले. १९१२-१३ च्या सुमारास पॅरिसला त्याचे वेड लागले. पुढे १९२० च्या दशकात लंडनच्या नृत्यशिक्षकांनी त्याचे नियम बांधले आणि त्यातून झटकेदार मानेचा, ताठ पाठीचा स्पर्धेचा टँगो तयार झाला. हिंदी चित्रपटांतून आपल्याला टँगो म्हणून जे दिसते ते बहुधा यातलेच. ब्युनोस आयर्समध्ये मात्र सामान्य माणसे जे नाचत ते वेगळे राहिले. तिथे जोडपे एकमेकांच्या मिठीत असते, चेहरा प्रेक्षकाकडे नसतो, पावले जमिनीला धरून पडतात आणि सगळी जोडपी मिळून घड्याळाच्या उलट दिशेने सभागृहाला फेरी घालतात. या फेरीला तिकडे 'रोंडा' म्हणतात. गर्दीत पाय उंच उडवला तर शेजाऱ्याला लागतो, म्हणून तो उडवायचा नाही. सभ्यता आणि शैली तिथे एकच होतात.

१९८३ मध्ये 'टँगो आर्हेंतिनो' हा रंगमंचीय कार्यक्रम पॅरिसमध्ये गाजला आणि जगभर टँगो पुन्हा फोफावला. पण जगाने पाहिला तो मंचावरचा टँगो : उचलणे, झेप, उंच लाथा, सर्व काही शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसेल इतके मोठे. २००३ पासून ब्युनोस आयर्समध्ये टँगोची जागतिक स्पर्धा भरते आणि तिथे एक शहाणपण दाखवले गेले आहे. दोन विभाग स्वतंत्र ठेवले आहेत. एकात अनेक जोडपी एकत्र फेरी घालतात, मिठी सोडायची नाही, उडी मारायची नाही. दुसऱ्यात आधी बसवलेले रंगमंचीय नृत्य. दोन्ही टँगोच, पण एकाला दुसऱ्याच्या मापाने मोजत नाहीत. आपल्याकडे मंचावरच्या लेंगीलाच 'पारंपरिक लेंगी' असे नाव देऊन आपण मोकळे होतो. परीक्षक, मिनिटे आणि रांग यांत परंपरा नेमकी कोणती, हे विचारायला हवे.

पोशाखाचे उदाहरण याहून बोलके. फेटिया म्हणजे भरजरी घेरदार घागरा, कांचळी, डोईवरची ओढणी, केसांत गुंफलेली घुगरी-टोपली, दंडापर्यंत चढलेल्या बलिया, आरसे, कवड्या, नाणी. हा वेष स्त्रिया स्वतः शिवत आणि त्यावरच्या भरतकामाला महिनेच्या महिने लागत. लदेणीच्या बायकांचा तो रोजचा पोशाख होता. तो घालूनच त्या चालत, पाणी भरत, बाळंत होत. नंतर तो गळत गेला. शेतात खुरपायला तो जड, शाळेत चिडवण्याचे कारण, साडी स्वस्त. आणि ज्या समाजावर गुन्हेगारीचा शिक्का बसला होता त्याच्या स्त्रीला दुरून ओळखू यावे असा वेष नेहमीच हितकारक होता असे नाही. आज यवतमाळच्या तांड्यांत तो मुख्यतः म्हाताऱ्या बायकांच्या अंगावर उरला आहे. नेमका याच काळात तो मंचावर अवतरला, कृत्रिम कापडाचा, प्लास्टिकच्या आरशांचा, प्रसंगी भाड्याने आणलेला. आजी जो वेष लाजून टाकून देत होती तोच नात बक्षिसासाठी घालू लागली. यात कोणाची चूक शोधण्यात अर्थ नाही. दोघींचेही कारण एकच होते : बाहेरचा माणूस आपल्याकडे कसा पाहतो. फक्त त्याची नजर मधल्या काळात बदलली होती.

आता डीजे. जाणत्या मंडळींचा सर्वाधिक राग यावर असतो. तांड्यातील तरुण गाणे ध्वनिमुद्रित करतात, त्याला ठोक्यांची जोड देतात आणि ते यूट्यूबवर टाकतात. होळीला मोठ्या ध्वनिवर्धकांवर 'डीजे लेंगी' रात्रभर वाजते. डफ बाजूला पडला, आवाज छातीत घुसतो, म्हातारी माणसे कानांवर हात ठेवतात. तक्रार रास्त आहे. तरीही एक गोष्ट नीट पाहा. त्या भिंतीएवढ्या ध्वनिवर्धकापुढे पोरे नाचतात ती कोणाकडे तोंड करून? एकमेकांकडे. परीक्षक नाही, वेळेचे बंधन नाही, पाहणारा आत ओढला जातो. मंचावरच्या शिस्तबद्ध रांगेपेक्षा हा गोंगाट जुन्या वर्तुळाला अधिक जवळचा आहे, असे म्हटले तर अनेकांना रुचणार नाही. पण नृत्य हे नाचणाऱ्यांचेच असावे ही जी जुन्या लेंगीची अट होती ती इथे पाळली जाते.

हरवते ते दुसरे. ध्वनिमुद्रित गाण्यात ओळ टाकायला आणि झेलायला माणूस लागत नाही. यंदा कोणाचा बैल मेला, कोणाचे लग्न मोडले, कोणी उसनवार बुडवली, हे त्या गाण्यात येऊ शकत नाही, कारण ते गाणे पुसदमध्ये वाजते तेव्हा आदिलाबादमध्येही वाजत असते. गाण्याचा पल्ला वाढला आणि त्याचा पत्ता हरवला. पूर्वी एखादी चांगली लेंगी सोयऱ्याधायऱ्यांबरोबर फार तर चार-दोन तालुके ओलांडी. आता ती तीन राज्यांत पोहोचते, ज्यांच्या लिप्या निराळ्या पण बोली एक अशा माणसांपर्यंत. गोरबोलीसाठी ही लहान कमाई नव्हे. एकंदरीत मंचाने शब्द, चाल आणि वेष राखले पण वर्तुळ मोडले. डीजेने वर्तुळ राखले पण त्यातली कविता बंद पाडली. जुन्या लेंगीचे दोन तुकडे दोन ठिकाणी जिवंत आहेत.

या ठिकाणी टँगोकडून एक गंमत आणि एक धडा दोन्ही मिळतात. ब्युनोस आयर्सच्या नृत्यसभांत आज बहुतेक ठिकाणी प्रत्यक्ष वाद्यवृंद नसतो. १९३५ ते १९५५ या टँगोच्या सुवर्णकाळातील दारिएन्सो, दी सार्ली, त्रोइलो, पुग्लिएसे यांच्या वाद्यवृंदांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका वाजवल्या जातात, आणि त्या निवडणाऱ्याला तिकडेही डीजेच म्हणतात. तो तीन-चार गाण्यांचा एक संच लावतो. या संचाचे स्पॅनिश नाव 'तांदा'. आपल्या तांड्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही, निव्वळ उच्चारांचा योगायोग. पण होळीच्या रात्री तांड्यात बसून हे वाचणाऱ्याला हसू आल्याशिवाय राहणार नाही. धडा असा की यंत्रातून आलेल्या संगीतावरही एक नृत्य पिढ्यान्‌पिढ्या निकोप राहू शकते, फेरी शाबूत असेल तर. फरकही तेवढाच स्पष्ट आहे. टँगो नाचणारा गात नाही. त्याचे शब्द बहुतांशी व्यावसायिक कवींचे. लेंगीत नाचणाराच कवी होता, म्हणून यंत्राची किंमत लेंगीला अधिक मोजावी लागते.

हे संग्रहालयाचे काम आहे असे कोणी म्हणेल. वाशिम जिल्ह्यातील पोहरादेवी हे सेवालाल महाराजांचे समाधिस्थान यवतमाळच्या सीमेलगत आहे. तिथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. नंगारा या वाद्याचा आकार त्या वास्तूला दिला आहे. अशा ठिकाणी वेष ठेवता येईल, वाद्ये ठेवता येतील, गाण्यांचे ध्वनिमुद्रण ठेवता येईल. ते अवश्य व्हावे. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी एवढे पाहावे की गाण्याबरोबर तांड्याचे नाव, तारीख, ओळ टाकणाऱ्याचे नाव आणि गाण्यात उल्लेख आलेली माणसे कोण होती हेही नोंदले जावे. संदर्भ सुटला की लेंगीतील अर्धा विनोद दहा वर्षांत कळेनासा होतो.

आणखी एक बदल आहे ज्याची चर्चा नृत्याच्या संदर्भात होत नाही. या जिल्ह्यातील अनेक तांड्यांतून माणसे दिवाळीनंतर बाहेर पडतात, कोणी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कोणी पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर. फाल्गुनात कारखान्याचा हंगाम संपला नसेल तर होळी फडावरच्या कोप्यांजवळ करावी लागते. डफ असला तर डफ, नसला तर फोनमधली डीजे लेंगी. दीडशे वर्षांपूर्वी गोणी लादलेल्या बैलांबरोबर फाल्गुनात वाटेवर असलेला तांडा आणि आज उसाच्या फडावर असलेला तांडा यांत एक विचित्र साम्य आहे. पण एक भेदही आहे. तेव्हा नाईक, म्हातारे, मुले, कवी, सगळा तांडाच प्रवासात असे. आता कमावते हात बाहेर आणि म्हातारे घरी. ओळ टाकणारा एका जिल्ह्यात आणि झेलणारे दुसऱ्या. डीजेवर राग काढण्यापूर्वी ही वस्तुस्थिती लक्षात घेतलेली बरी. पोरांनी डफ टाकला याचे एक कारण असे की डफ शिकवायच्या महिन्यांत ती घरी नसतात.

होळीच्या विधींतील एक भाग मात्र मंचावर गेलेला नाही. त्याचे नाव धुंड. गेल्या होळीनंतर तांड्यात जन्मलेल्या मुलाचे हे सार्वजनिक स्वागत. गेरिया म्हणून नेमलेले तरुण आणि मंडळी त्या घरी जातात, बाळाला मध्ये घेऊन काठ्यांच्या ठोक्यावर आशीर्वादाचे शब्द म्हणतात. गोडधोडाचे भांडे राखायला स्त्रिया हातात काठ्या घेऊन उभ्या राहतात. पुरुषांनी ते पळवायचे आणि जाताना पाठीवर चांगला मार खायचा. परंपरेने ही धुंड मुलाचीच, मुलीची नव्हे. हा भाग तसाच राखावा असे म्हणवत नाही. पण धुंडीची नक्कल करता येत नाही हे खरे. तिला तालीम नाही, पोशाख नाही, मिनिटे नाहीत. तिला लागते त्या वर्षी त्या तांड्यात जन्मलेले एक बाळ आणि त्याच्या अंगणात जमलेली, एकमेकांकडे तोंड करून उभी असलेली माणसे.